पहिल्या वेताची आई



पहिल्यांदाच व्यालेली मेंढी पाहून नवख्या माणसाला तिचा रागच येतो. कोकरू ओलंचिंब, थरथरत जमिनीवर पडलेलं असतं. मेंढी वळते, नाक पुढं करते, हुंगते आणि दचकून दोन पावलं मागं सरते. पुन्हा येते. या खेपेला चाटायला लागते. डोकं, मान, पाठ चाटताना तोंड मिटूनच घशातल्या घशात घुमल्यासारखा हलका आवाज काढते. तोवर कोकरू धडपडत चार पायांवर उभं राहतं आणि सड शोधत तिच्या मागच्या पायांकडे निघतं. नेमकी तेव्हाच ती गर्रकन फिरते. तिला कोकरू समोर हवं असतं, हुंगता येईल असं, चाटता येईल असं. ते बाजूला गेलं की तीही वळते. कोकरू जितकं कासेकडे सरकतं, तितकी कास त्याच्यापासून लांब जाते. दोघं एकाच जागी गोल गोल फिरत राहतात. कधी कोकरू दमून खाली बसतं, कधी मेंढी वैतागून एक ढुशी देते.

मुरलेला मेंढपाळ हे लांबूनच बघत राहतो. पहिलारू आहे, शिकेल, असा त्याचा हिशेब असतो. बहुतेक वेळा तो बरोबर ठरतो; काही वेळा मात्र कोकरू उपाशी मरतं. ही मेंढी नक्की काय शिकते, कशामुळे शिकते आणि त्यासाठी तिच्या हाती किती वेळ असतो, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आईपण उपजत असतं, असं आपण सरसकट म्हणून मोकळे होतो. मेंढीच्या बाबतीत गेल्या अर्धशतकात जे संशोधन झालं, त्यातून निघणारं चित्र इतकं सरळ नाही. तिचं आईपण विण्याच्या वेळी काही तासांत उभं राहतं. त्याला रक्तातली संप्रेरकं लागतात, कळांची संवेदना लागते, कोकराच्या अंगावरच्या ओलाव्याचा वास लागतो आणि त्या जागेवर निवांत थांबायला मिळावं लागतं. दोन-तीन वेतं झालेल्या मेंढीत यातला एखादा दुवा निसटला तरी ती निभावून नेते. पहिलारू मेंढीजवळ अनुभवाची ही शिल्लक नसते. म्हणून आईपण कुठून कुठं जोडलेलं आहे हे पाहायचं, तर तिच्याकडेच पाहावं लागतं.

अभ्यासासाठी मेंढीच का निवडली गेली, हे आधी सांगायला हवं. उंदीर-घुशींची पिल्लं डोळे मिटलेली, बिळातच पडून राहणारी. त्यांची आई आपलं-परकं फारसं बघत नाही. बिळात दुसरं पिल्लू आणून ठेवलं तरी सांभाळते. मेंढीचं तसं नाही. साऱ्या कळपाची वेतं एकाच हंगामात येतात, आणि कोकरू तासाभरात पायावर उभं राहून चालू लागतं. शे-दोनशे माद्या आणि तितकीच धावती कोकरं एकत्र असताना प्रत्येक आईनं आपलंच ओळखलं नाही, तर दूध भलत्याच्या पोटात जाईल. सडही दोनच. त्यामुळे मेंढी एकदा का आपलं कोकरू ओळखायला लागली, की परक्या कोकराला ढुशी मारून हाकलते. माणसाच्या नजरेला हे निष्ठुर वाटतं. संशोधकाला मात्र त्यातून एक नेमकी खूण मिळते. आई-पिल्लाची गाठ कधी बसली, हे इथं घड्याळ लावून पाहता येतं.

फ्रान्समध्ये तूर शहराजवळ नूझिली या गावी तिथल्या राष्ट्रीय कृषी संशोधन संस्थेचं केंद्र आहे. पास्काल पॉइंद्रों, पिएर ल नँद्र, फ्रेदेरिक लेव्ही, रेमों नोवाक ही मंडळी तिथं वर्षानुवर्षं मेंढ्यांच्या बाळंतपणाशेजारी बसली. त्यांनी विचारलेले प्रश्न साधे होते. कोकरू जन्मताच उचलून नेलं आणि काही तासांनी परत आणलं, तर काय होतं? चार तासांनी परत आणलं तर निम्म्याच्या आसपास मेंढ्या ते घेत नाहीत. बारा तासांच्या पुढं गेलं की बहुतेक जणी नाकारतात. विण्यापूर्वीच्या काही तासांत मेंढीच्या मनाचं एक दार उघडतं आणि कोकरू समोर नसेल तर ते तितक्याच लवकर मिटतं. उलट, आधी काही तास सहवास मिळाला असेल तर नंतरची ताटातूट ती बरीच सोसते.

हे दार उघडतं कशानं? इथं गोष्ट वासाकडे वळते.

एरवी मेंढीला गर्भजलाचा वास सहन होत नाही. त्याचा शिंतोडा पडलेल्या चाऱ्याला ती तोंड लावत नाही. लेव्ही आणि पॉइंद्रों यांनी १९८०च्या दशकात केलेल्या प्रयोगांत दिसलं, की विण्याच्या वेळी ही नावड काही तासांपुरती साफ उलटते. पाणमोट फुटली की मेंढी जमिनीवर सांडलेलं पाणी हुंगत, चाटत त्याच जागी घोटाळत राहते. कळपापासून ती थोडी बाजूला झालेली असते आणि जागा सोडत नाही. कोकरू येतं तेव्हा त्याच्या अंगावर तोच ओलावा असतो. म्हणजे तिला सुरुवातीला ओढ असते ती ओल्या वासाची. त्या वासापाठोपाठ ती कोकरापर्यंत पोचते, त्याला चाटते, आणि चाटता चाटता त्या कोकराचा खास असा गंध तिच्या डोक्यात बसतो.

मग कोकरू स्वच्छ धुऊन पुढं ठेवलं तर? १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात या दोघांनी नेमकं तेच केलं. अनुभवी मेंढ्यांनी धुतलेल्या कोकराला कमी चाटलं, पण बहुतेकींनी कासेला घेतलं. पहिलारू मेंढ्यांचं मात्र सगळंच विस्कटलं. चाटणं राहिलं, ढुशा वाढल्या, पाजणं राहिलं. अनुभवी मेंढीला समोरच्या थरथरत्या जिवाचं काय करायचं, हे ठाऊक असतं. पहिलारूला ते सांगणारा वासच नेमका पुसून टाकलेला होता. नाकाची वास घेण्याची क्षमता बंद करून केलेल्या प्रयोगांतही असाच फरक दिसला. थोरल्या मेंढ्या कशाबशा सावरल्या, धाकट्या गडबडल्या.

वासाइतकाच दुसरा दुवा कळांचा. केंब्रिजचे बॅरी केव्हर्न आणि नूझिलीची मंडळी यांनी मिळून १९८३ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध छापला. संप्रेरकं देऊन तयार केलेल्या, पण गाभण नसलेल्या मेंढ्यांच्या योनिमार्गाला पाच मिनिटं हातानं ताण दिला, तर त्या नवजात कोकराला चाटू लागतात, जवळ करतात, असं त्यात दाखवलं होतं. विऊन तास-दोन तास झालेल्या, आपलं कोकरू ओळखलेल्या मेंढ्यांना असाच ताण दिल्यावर त्या परकं कोकरूही घेऊ लागल्या. मिटू लागलेलं दार पुन्हा उघडलं होतं. जन्माच्या वेळी गर्भमार्ग ताणला जातो तेव्हा तो संदेश मेंदूकडे जातो आणि मेंदूत ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवतं. केंब्रिजजवळच्या बेब्राहम संस्थेत कीथ केंड्रिक आणि केव्हर्न यांनी १९८७ साली ऑक्सिटोसिन थेट मेंदूच्या पोकळीत सोडून पाहिलं. मेंढ्या थोड्याच वेळात आईसारख्या वागू लागल्या.

याच वर्षी याची उलट बाजूही तपासली गेली. विणाऱ्या मेंढ्यांना पाठीच्या कण्याजवळ भुलीचं इंजेक्शन देऊन कळांची संवेदना थांबवली. कोकरू नीट जन्मलं, पण कळा मेंदूपर्यंत पोचल्या नाहीत. पहिलारू मेंढ्यांत बहुतेकींनी कोकराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. अनुभवी मेंढ्यांवर परिणाम झाला, पण तितका सार्वत्रिक नाही. पुढं अशा बधिर केलेल्या मेंढ्यांच्या मेंदूत ऑक्सिटोसिन दिल्यावर चाटणं-पाजणं बऱ्याच अंशी परत आलं.

एक बारकावा इथं महत्त्वाचा आहे. संप्रेरकं अधिक ताण ही जोडी पूर्वी व्यालेल्या मेंढीत चालते. कधीच न व्यालेल्या मेंढीत त्याच उपायाला फारसं यश येत नाही. म्हणजे पहिलं वेत मेंदूत काहीतरी कायमचं बदलून जातं. ते काय, याचीही थोडी उकल झाली आहे. विण्याच्या वेळी मेंदूच्या वास ओळखणाऱ्या भागात नॉरॲड्रिनलिन आणि ॲसिटिलकोलिन ही द्रव्यं स्रवतात, आणि त्यांच्यामुळे तो भाग नवा गंध शिकायला तयार होतो. पहिलारू मेंढीत या द्रव्यांची वाढ अनुभवी मेंढीपेक्षा कमी दिसते. ऑक्सिटोसिनला प्रतिसाद देणारी केंद्रंही मेंदूच्या काही भागांत तिच्याकडे कमी असतात. केंड्रिक, लेव्ही आणि केव्हर्न यांनी १९९२ साली याच भागातल्या पेशींच्या हालचाली नोंदवल्या. विण्यापूर्वी या पेशी मुख्यतः चाऱ्याच्या वासाला दाद देत होत्या. विल्यानंतर त्यांतल्या कितीतरी कोकराच्या वासाला दाद देऊ लागल्या. नाक तेच होतं, पण मेंदूच्या लेखी कुठला वास महत्त्वाचा, याचा क्रम बदलला होता.

आता पुन्हा त्या गोल फिरणाऱ्या मेंढीकडे येऊ. कोकरू जन्मल्यापासून तिची शिकवणी सुरू होते, ती दोन टप्प्यांत. पहिला टप्पा वासाचा. साधारण दोन तासांत, काहींत त्याहूनही लवकर, तिला आपलं कोकरू नाकानं ओळखू येतं, आणि यात पहिलारू व अनुभवी असा मोठा फरक पडत नाही. पण वासाची ही ओळख हाताच्या अंतरावरची असते. कोकरू कासेखाली शिरून उलटं, म्हणजे शेपटी आईच्या तोंडाकडे करून उभं राहतं. आई मान वळवून शेपटीच्या मुळाशी नाक लावते, खात्री करते आणि पाय किंचित फाकवून उभी राहते. परकं असेल तर इथंच लाथ किंवा ढुशी बसते. दुसरा टप्पा डोळ्यांचा आणि कानांचा. चार-पाच हात अंतरावरून, नुसतं बघून आणि ऐकून आपलं कोकरू ओळखणं अनुभवी मेंढीला सहा तासांच्या आसपास जमतं. पहिलारूला दिवसभर लागतो, असं नूझिलीच्या २००३ सालच्या अभ्यासात दिसलं. कळपात कोकरू चार पावलं लांब गेलं की नवखी आई सैरभैर का होते, याचं उत्तर इथं आहे.

कोकरूही स्वस्थ बसलेलं नसतं. नोवाक यांच्या कामातून दिसलं, की पहिल्या सहा तासांत त्याला चोखायला मिळालं तर ते आईला इतर मेंढ्यांतून वेगळं काढू लागतं. तोवर चोखूच दिलं नाही तर ही ओढ तयार होत नाही. चीक पोटात जाणं म्हणजे फक्त पोट भरणं नव्हे. मेंढीच्या रक्तातली रोगप्रतिकारक द्रव्यं वारेतून गर्भाकडे जात नाहीत. ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याची कोकराच्या आतड्याची क्षमता दिवसभरात संपते. पाजण्यातली अर्धा दिवसाची टाळाटाळ म्हणूनच जिवावर बेतते. कोकरं दगावतात ती बहुतांशी पहिल्या तीन दिवसांत, आणि भूक, गारठा व आईची दुरावलेली माया ही कारणं एकमेकांत गुंतलेली असतात.

सगळ्या जातींच्या मेंढ्या सारख्याच आया होतात असंही नाही. स्कॉटलंडमध्ये कॅथी ड्वायर यांनी डोंगराळ भागातल्या ब्लॅकफेस आणि मांसासाठी वाढवलेल्या सफोक मेंढ्यांची तुलना केली. ब्लॅकफेस जास्त वेळ चाटतात, तोंड मिटून काढलेला तो हलका आवाज जास्त काढतात. हा गुण कोकराचा की आईचा, हे पाहण्यासाठी एका जातीचे भ्रूण दुसऱ्या जातीच्या मेंढीच्या गर्भाशयात वाढवले. पोटचं कोकरू कुठल्याही जातीचं असो, चाटणं आईच्या जातीप्रमाणेच राहिलं. दोन्ही जातींत एक गोष्ट समान होती. मागं सरणं, ढुशी मारणं आणि कोकरू कासेकडे येताच गोल फिरणं पहिलारूंमध्ये जास्त होतं.

ड्वायर यांचं दुसरं निरीक्षण आपल्या दुष्काळी तालुक्यांना जवळचं वाटेल. गाभणपणात खुराक सुमारे एक तृतीयांशानं कमी केला तर कोकरू हलकं होतंच, शिवाय आई चाटते कमी आणि चिडचिड जास्त करते. तीन दिवसांनंतरही तिची ओढ कमी भरते. गर्भाचं जवळजवळ दोन तृतीयांश वजन शेवटच्या सहा आठवड्यांत वाढतं. त्या सहा आठवड्यांतली वैरण कोकराच्या अंगाला लागते, तशी आईच्या वागण्यालाही लागते. पहिलारू मेंढी अजून स्वतःच वाढीला लागलेली असते, त्यामुळे टंचाईचा पहिला चटका तिला बसतो.

स्वभावाचंही तसंच. पश्चिम ऑस्ट्रेलिया विद्यापीठात डेव्हिड लिंडसे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेरिनो मेंढ्या शांत आणि बुजऱ्या अशा दोन वंशांत निवडून वाढवल्या. निवडीची कसोटी साधी होती. कळप आणि मेंढी यांच्यामध्ये माणूस उभा केला, तर ती किती घाबरते? शांत वंशातल्या मेंढ्यांची कोकरं जास्त जगली. जुळी झाल्यावर मेंढी जन्मजागेवर सहाएक तास थांबली तर दोन्ही कोकरं तिच्यामागं चालतात. लवकर हलली तर एक मागं राहतं. बुजरी मेंढी माणसाची चाहूल लागताच जागा सोडते. पहिल्या वेताची मेंढी बुजरी असण्याची शक्यता जास्त, हे वेगळं सांगायला नको.

जुळ्यांच्या या मुद्द्यावर विषय आपल्या दारात येतो. दख्खनी मेंढी बहुतेक वेळा एकच कोकरू देते. सातारा जिल्ह्यातल्या फलटण इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं १९९०च्या दशकापासून सुंदरबनातल्या गॅरोल या लहानखुऱ्या, जुळी-तिळी देणाऱ्या मेंढीचं एक जनुक दख्खनी मेंढीत आणलं, आणि त्यातून 'सुवर्णा' ही मेंढी तयार केली. चंदा निंबकर यांनी हे काम मेंढपाळांच्या कळपांपर्यंत नेलं. फेक-बी नावाच्या या जनुकाचा प्रवास मोठा रंजक आहे. ऑस्ट्रेलियातल्या कूमा गावाजवळच्या बुरूला या मेंढवाड्यावर जुळी-तिळी देणारे मेरिनो सापडले होते. १७९०च्या दशकात कलकत्त्याहून जहाजानं सिडनीला गेलेल्या बंगाली मेंढ्यांकडून तो गुण आला असावा, असं मानलं जातं. जनुक नेमकं कुठलं, हे २००१ साली उलगडलं.

जनुकानं दोन अंडी सुटतील, दोन कोकरं जन्मतील. पण ती दोन्ही कासेला लागतील का, हे त्या जनुकाच्या हाती नाही. पहिल्या वेतालाच जुळी झाली तर पहिलं कोकरू चाटत असतानाच दुसरं येतं. एकाचा वास पक्का होत असताना दुसरं मागं पडून थंड पडत असतं. आपल्याकडच्या धनगरी वाड्यात कळप रोज नवा मुक्काम गाठतो. वाटेत व्यालेल्या मेंढीचं कोकरू काखेत घेऊन किंवा घोड्यावर घालून पुढं न्यावं लागतं. चाटायचा वेळच चालण्यात जातो. अनुभवी मेंढी माणसामागं ओरडत येते. पहिलारू पुष्कळदा कळपाबरोबर निघून जाते.

मेंढपाळांचे जुने उपाय या सगळ्या संशोधनाशी जुळतात. मेलेल्या कोकराचं कातडं पोरक्या कोकराच्या अंगावर चढवून ते मेंढीला लावणं ही ब्रिटनमधल्या मेंढपाळांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. दुसरं कोकरू जन्माच्या वेळच्या पाण्यात माखून पुढं करणं हीदेखील तशीच. दोन्हींचा भरवसा नाकावर. त्याच तर्कानं पहिलारूसाठी काय करायचं हेही ठरतं. विण्याआधीचे सहा आठवडे तिला वेगळा खुराक द्यायचा. कोकरू पुसायची घाई करायची नाही. फार गारठा नसेल तर त्याला हात लावायच्या आधी आईला चाटू द्यायचं. गोल फिरत असेल तर दोघांना दीड मीटर लांबी-रुंदीच्या कप्प्यात दिवसभर बंद ठेवायचं, म्हणजे फिरायला जागा कमी आणि दुसऱ्या मेंढ्यांचं विघ्न नाही. तासाभरात कोकरू सडाला लागलं नाही, तर मेंढी धरून त्याला चीक पाजायचा आणि बाजूला व्हायचं.

राहता राहिला तो निर्णय, जो गोठ्यात नाही तर बाजारात होतो. पहिल्या वेताला कोकरू टाकलेल्या मेंढीला लोणंदच्या बाजाराची वाट दाखवायची, ही पुष्कळांची रीत आहे. ज्या मेंढीनं कळा नीट येऊन, पोटभर खाऊन, निवांत जागा मिळूनही कोकराला हाकललं, तिच्याबाबत ती योग्यही असेल. पण जिचं कोकरू जन्मताच उचललं गेलं, जी आडलेल्या बाळंतपणानं थकली, जी उपाशी होती किंवा जिला चालत्या कळपात व्यावं लागलं, तिची नोंद वेगळी ठेवायला हवी. तिच्या मेंदूत पहिल्या वेताचे बदल झालेले असतात. दुसऱ्या वेताला ती त्या बदलांसह उभी राहते, आणि अशा कितीतरी मेंढ्या दुसऱ्यांदा बिनबोभाट पाजतात. तिला विकून त्याच पैशात आणलेली नवी तरुण मेंढी दीड-दोन वर्षं सांभाळून व्यायला लागते, तेव्हा मेंढपाळाच्या पुढ्यात पुन्हा एक पहिलारूच उभी असते.